धार ते देवास, गंगवालमार्गे

पहाटे साडेपाचला तू दार हळूच ओढून घेतेस. तुला वाटतं कुणी उठलेलं नाही, पण मी ओट्यावर शाल गुंडाळून बसलेली आहे. जानेवारीचा शेवट, माळव्यातली थंडी, आणि तुझ्या खांद्यावर रोज दवाखान्यात नेतेस तीच पिशवी. "मावशी, आईला एवढ्यात सांगू नकोस," म्हणतेस. नाही सांगणार. पण सोबत येणार. बसमध्ये तुझ्या शेजारची जागा रिकामीच दिसेल, तरी मी तिथे असेन. धारहून देवास शंभरेक किलोमीटर. मी तुला जरा लांबच्या वाटेनं नेणार आहे, कंटाळू नकोस.

तुळशीचं लग्न लागलं आणि आठवड्याभरात तुझा साखरपुडा झाला. नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या त्याच्या उंच, कमी बोलणाऱ्या वडिलांनी पेढ्यांचे पुडे स्वतः मोजून आपल्या गाडीत ठेवले होते. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी ते गेले. सकाळी स्कूटर पुसत होते, फडकं हातातच राहिलं. तेराव्याला तू गेलीस आणि मागच्या रांगेत बसून परत आलीस. त्या घरची अजून झालेली नव्हतीस, आणि पाहुणी म्हणावं तर तेही नव्हतीस. तेव्हापासून फोनवर तो फक्त "हं" म्हणतो. तू विचारतेस जेवलास का, तो म्हणतो हं. तू विचारतेस मी येऊ का, तेव्हाही हं.

इकडे आपल्या घरात पंचांग निघालं. वर्षश्राद्धाच्या आत लग्न उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबा. दोन्हीकडची मोठी माणसं या दोन आकड्यांमध्ये येरझाऱ्या घालतायत. आणि परवा कुणीतरी स्वयंपाकघरात, तुला ऐकू जाईल इतपत आवाजात, "पायगुण" हा शब्द उच्चारला. मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, त्याची लाज वाटते. आज तुझ्यासोबत निघाले आहे ती त्यासाठीही.

स्टँडवर पोचतेस. बस सुटायला वीस मिनिटं आहेत. मागे किल्ल्याची काळी रेघ उजाडायला लागली आहे. याच किल्ल्यात 1775 साली आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, तेव्हा राघोबादादा दूर, स्वतःचा जीव आणि पेशवाईचा दावा सांभाळत फिरत होते. वाट बघणाऱ्या बायका या गावाला नव्या नाहीत. पण आपल्याला तिथे थांबायचं नाही. डोळे मीट.

उघडतेस तेव्हा तू मांडूला आहेस. शाळेच्या सहलीत पाहिलेलं पडकं मांडू हे नव्हे. रेवाकुंड काठोकाठ भरलंय, वरच्या छत्रीत माणसांचा वावर आहे, खाली निमाड धुक्यात बुडालाय आणि धुक्याच्या पलीकडे नर्मदेची चांदीची रेघ. 1561 चा मार्च. या छत्रीत उभी राहून नदी बघणारी रूपमती गाणारी होती आणि तिचा बाजबहादूरही गाणारा होता, हे तुला गाइडनं सांगितलंच आहे. आता अकबराचा सरदार आदमखान माळव्यात उतरतो. सारंगपूरला लढाई होते, बाजबहादूर हरतो आणि निसटतो. रूपमती आदमखानाच्या हाती लागण्यापेक्षा विष घेते. सारंगपूर पुढे देवास संस्थानात होतं, म्हणजे ही गोष्ट धारच्या डोंगरावर उमलली आणि देवासच्या मुलखात मिटली. तू आज निघाली आहेस तीच दिशा.

सगळे इथेच थांबतात. गाइड, सिनेमे, कविता. रूपमती मेली की गोष्ट संपली. मी तुला आणखी नऊ वर्षं पुढे नेते. 1570. बाजबहादूर भटकून, थकून अकबराला शरण आला आहे. ज्याच्या फौजेनं त्याचं सगळं नेलं त्याच दरबारात त्याला मनसब मिळाली आहे, आणि आइन-ए-अकबरीत दरबारी गायकांच्या यादीत त्याचं नाव आहे, अतुलनीय गायक म्हणून. तू खांबाआड उभी राहून बघ. लोक म्हणतील, निर्लज्ज, गातो कसा? मला त्याच्याबद्दल फार वाटतं. मरून गेलेल्या माणसाचं प्रेम सगळ्यांना समजतं. मागे राहिलेल्यानं सकाळी उठून गळा साफ करायचा आणि पहिला सूर लावायचा, हे कुणी मोजत नाही. तुझ्या त्या "हं"मध्ये असाच काहीतरी सूर अडकला आहे.

कंडक्टर दरवाजावर थाप मारतो. बस सुटते.

घाटाबिल्लोद, बेटमा. दोन्हीकडे गहू हिरवागार, हरभऱ्याला घाटे धरलेत. तू खिडकीला डोकं टेकवतेस. गंगवाल स्टँडला उतरून तू पोहे घेतेस, वर शेव आणि जिरावण, आणि अर्धे टाकून देतेस. इंदूर ओलांडून देवास नाक्यावर दुसरी बस. इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आता नीट धरून बस, कारण रस्ता अरुंद होत चाललाय. ट्रक विरळ होतात, मग दिसेनासे होतात. डांबर जातं, धुरळा येतो. कारखान्यांच्या भिंती विरघळतात. समोर एकटी टेकरी उरते, तिच्यावर दोन देव्या, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा.

30 जानेवारी 1948.

देवास अजून दोन राजांचं गाव आहे. पवारांच्या दोन भावांनी वाटून घेतलेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन दरबार. काही महिन्यांत दोन्ही पात्या आणि आपलं धार मध्य भारतात विलीन होतील. ते आज कुणाच्या मनात नाही. संध्याकाळ होत आली आहे. ज्या घरी रेडिओ आहे त्या घरासमोर माणसं जमतात, कुणीतरी हात वर करून सगळ्यांना गप्प करतं, आणि मग ती शांतताच गावभर पसरते. दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. तू कोपऱ्यावर उभी आहेस. एक म्हातारा रस्त्यातच खाली बसतो. दुकानांच्या फळ्या एकेक करून लागतात.

याच दिवशी या गावात एक जोडपं राहायला आलं आहे. त्याचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, वय तेवीस. पण त्या नावानं त्याला फारसं कुणी ओळखत नाही. कुमार गंधर्व म्हटलं की मुंबई-कलकत्त्यापर्यंत माना हलतात. 1936 साली, बाराव्या वर्षी, मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला आणि भल्याभल्यांनी डोळे पुसले. पुढे देवधर मास्तरांच्या शाळेत शिकला, तिथेच शिकवू लागला. तिथेच भानुमती कंस गाणं शिकत होती. 1947 मध्ये दोघांनी लग्न केलं. आणि लग्नाच्या त्याच सुमाराला डॉक्टरांनी निदान केलं: क्षय.

तुला हा शब्द लॅबमधून माहीत आहे. तू रोज थुंकीच्या पट्ट्या रंगवतेस, सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पटावर गुलाबी काड्या मोजतेस, अहवाल लिहितेस, आणि रुग्णाला सांगतेस सहा महिन्यांच्या गोळ्या, चुकवायच्या नाहीत, मिळतात फुकट. आता त्या काळात उभी राहून तेच बघ. गोळ्या नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मध्ये लागलाय, पण औषध दुर्मीळ आणि महाग. उपचार म्हणजे कोरडी हवा, दूध, अंडी, पडून राहणं. मिरज, पाचगणी, सॅनिटोरियमच्या ओळीनं मांडलेल्या खाटा. घरात क्षय म्हटलं की भांडी वेगळी, येणंजाणं बंद, मुलींची ठरलेली लग्नं मोडायची. आणि गायकाला सांगितलं आहे: गायचं नाही. मोठ्यानं बोलायचंही नाही.

माळव्याची कोरडी हवा म्हणून देवास. तेवीस वर्षांचा गाणारा आणि त्याची नवी बायको, जिच्या हातचा चुडा अजून जुना झालेला नाही.

तू आत डोकावू पाहतेस. नको. त्या खोलीत मी तुला नेणार नाही, ती त्यांची आहे. आपण बाहेर झाडाखाली बसू. इथून बरंच ऐकू येतं. टेकरीवरची घंटा. खोकला, मग बराच वेळ काही नाही. चिमण्या. दारावरून जाणाऱ्या बायका, डोक्यावर भारा, तोंडात माळवी गाणं, चारच सूर, पण त्या चारांत अख्खं शेत बसलेलं. नाथपंथी जोगी एकतारी छेडत जातो, या गावात शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिकडे चाललेला असेल. खाटेवर पडलेला माणूस हे सगळं ऐकतोय. त्याला दुसरं काही करायला परवानगीच नाही. पुढे माळवी लोकगीतांतून तो नवे राग उचलेल, कबीराची निर्गुणी भजनं अशी गाईल की कोसावरून लोक येतील. ते सगळं या न गाण्याच्या वर्षांत कानावाटे आत चाललंय.

पण मी तुला ते दाखवायला आणलेलं नाही. ते सगळे सांगतात. तू दाराकडे बघ.

दार उघडतं आणि भानुमती बाहेर पडते. साडीचा पदर खोचलेला, हातात वह्या. ती शाळेत चालली आहे. घर तिच्या पगारावर चालायचं आहे. दूध, अंडी, औषधं, डॉक्टर, भाडं. तीही गाणारी होती, तीही त्याच मास्तरांच्या हाताखाली तयार झालेली. मुंबईत राहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं मनात घोळवते आणि दर वेळी माझा गळा भरून येतो. ती जाते, संध्याकाळी येते. उन्हाळा, पाऊस, पुन्हा गहू. तू झाडाखाली बसून मोजतेस. एक वर्ष. तीन वर्षं, म्हणजे आपल्या घरचं पंचांग जिथे थांबतं तिथपर्यंत. चौथं. पाचवं. तिला कुणी तारीख दिलेली नाही. बरा होईल का, झाला तर गाईल का, हे त्या वेळी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

तू दवाखान्यात काम करतेस म्हणून सांगते. 1956 साली मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. काही क्षयरुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवले, काही घरीच, औषधं दोघांनाही सारखीच. 1959 मध्ये निष्कर्ष आले आणि जगभरची पद्धत बदलली: औषध नीट मिळालं तर घरीही रुग्ण तितकाच बरा होतो. तू आज ज्या गोळ्या घरी न्यायला देतेस, त्यामागे ते आहे. देवासमध्ये ही मास्तरीण त्याच्या कितीतरी आधीपासून, औषध हाती येण्याच्याही आधीपासून, घर म्हणजे काय असू शकतं ते रोज करून दाखवत होती.

औषध आलं. 1952 च्या सुमाराला तो सावरला. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. 1953 मध्ये तो पुन्हा मैफलीला बसला. तू मागच्या रांगेत बसतेस. मागच्या रांगेची तुला आता सवय आहे. आवाज लागतो. पूर्वीचा तो लांबच लांब दमसास नाही. छोटे छोटे तुकडे, विजेसारखे येतात, मध्ये शांतता, आणि ती शांतताही गाण्यातली. जाणकार नंतर म्हणत राहतील की ही शैली त्या उरलेल्या फुफ्फुसातून आली. मला वाटतं ती पाच-सहा वर्षं खाटेवर ऐकलेल्या शांततेतूनही आली. भानुमती कुठे बसली आहे ते शोध. मला दरवेळी तीच शोधावीशी वाटते.

1956 मध्ये त्यांना मुलगा झाला, मुकुल, जो स्वतः मोठा गायक होणार आहे. इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! माझा हात धर.

1961. दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती गेली.

एवढंच सांगते. ज्याच्या मरणाच्या धास्तीनं ती सहा वर्षं जागली तो जगला, आणि ती गेली. घरात पाच वर्षांचा मुलगा, एक तान्हं बाळ, आणि तो. आपण पुन्हा त्या झाडाखाली बसलो आहोत. आता शाळेकडे जायला कुणी दार उघडत नाही. तू रडतेस. रड. तेराव्याला तू रडली नव्हतीस, लोक बघतायत म्हणून.

आणि आता जे दाखवणार आहे त्यावर तू चिडणार आहेस, हे ठाऊक असून दाखवते. 1962. त्याचं दुसरं लग्न. ती वसुंधरा श्रीखंडे, जमशेदपूरला जन्मलेली, कलकत्त्यात लहानाची मोठी झालेली. शाळकरी वयात तिनं त्याचं गाणं ऐकलं आणि शिकायचं तर यांच्याकडेच असं ठरवलं; 1946 मध्ये मुंबईला आली, देवधर मास्तरांकडे शिकली, मग त्याच्याकडे. "एका वर्षात?" तू माझ्याकडे वळून विचारतेस. "एका वर्षात तो विसरला?"

टेकरीच्या पायथ्याशी चल. ही वेल, हा झोपाळा, ही फुलझाडं. दारावरचं नाव वाच. भानुकुल.

घराला त्यानं भानुमतीचं नाव दिलं आहे. वसुंधरा या नावाखालून आत गेली, याच नावाच्या घरात तिनं भानुमतीची मुलं वाढवली, इथेच तिची लेक कलापिनी वाढली आणि गायिका झाली, इथेच ती स्वतः गायली, त्याच्या मैफलीत त्याच्यामागे तानपुऱ्यावर बसून आवाजात आवाज मिळवला. 12 जानेवारी 1992 ला तो गेल्यावरही तेवीस वर्षं ती याच पत्त्यावर होती, 2015 पर्यंत. पत्र आलं तर भानुकुल. पाहुणा विचारत आला तर भानुकुल. दुसरीच्या घराला पहिलीचं नाव, आणि ते खरवडून काढावं असं कुणाला वाटलं नाही. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा माझ्या सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा डबा, त्यांचा बसायचा पाट, त्यांच्या हाताचं लोणचं, सगळं तिथेच. मला ते सगळं माझ्याविरुद्ध ठेवल्यासारखं वाटे. मी हळूहळू एकेक वस्तू माळ्यावर टाकली, आणि तुझे काका हळूहळू गप्प होत गेले. मला हे घर तेव्हा कुणी दाखवलं असतं तर!

आणखी एक, मग सोडते तुला. 1969, गांधीजींची जन्मशताब्दी. त्या निमित्तानं त्यानं एक राग बांधला, गांधी मल्हार. लोक त्याचे सूर सोडवतात, कुठला मल्हार, कुठला गंधार कुठे लागतो. मला त्यात 30 जानेवारी 1948 ची संध्याकाळ ऐकू येते: फळ्या लावणारी दुकानं, रस्त्यात खाली बसलेला म्हातारा, आणि गाण्याची बंदी घेऊन गावात आलेला एक तरुण. त्या दिवसाचं दुःख बोलायला त्याला एकवीस वर्षं लागली. तुला दीड महिनाही लांब वाटतोय, आणि त्यात तुझी चूक नाही. तू चोवीस वर्षांची आहेस.

कंडक्टर ओरडतो. तू दचकून डोळे उघडतेस. देवास.

नोटप्रेसची भिंत, कारखान्यांचे भोंगे, टेकरीवर आता रोपवे. रिक्षावाल्याला तू पत्ता सांगतेस. मी इथून पुढे शेजारी बसणार नाही. थोडी मागे राहते.

फाटक ढकलतेस. अंगणात स्कूटर उभी आहे, निळ्या ताडपत्रीनं झाकलेली. ताडपत्रीवर पाचोळा साचलाय, म्हणजे झाकल्यापासून कुणी हात लावलेला नाही. दारात त्यांच्या चपला तशाच, एक सरळ, एक जरा तिरकी. कुणी उचललेल्या नाहीत. तू तुझ्या चपला काढतेस आणि त्यांच्या शेजारी, थोडं अंतर राखून, ठेवतेस.

तो बाहेर येतो. दाढी वाढलीये. तुला बघून तो चकित होत नाही, ओशाळत नाही, फक्त उभा राहतो. आतून त्याची आई विचारते कोण आलंय, तो सांगत नाही. तू तोंड उघडतेस. बसमध्ये शंभर किलोमीटर जुळवलेली वाक्यं आहेत. लग्न कधी, तू मला का टाळतोयस, माझ्या पायगुणाबद्दल तुझ्या घरी कोण काय बोललं, मी थांबू की नको. ती सगळी जिभेपर्यंत येतात.

"बाबांची स्कूटर," तू म्हणतेस, "इतके दिवस उभी आहे. बॅटरी उतरली असेल."

तो ताडपत्रीकडे बघतो.

"पेट्रोल आहे का त्यात?"

"माहीत नाही," तो म्हणतो. दीड महिन्यांनी हं सोडून दुसरा शब्द. मग बराच वेळ काही नाही. मग: "रविवारी भरायचे ते. त्या आठवड्यात भरलं की नाही..." आणि वाक्य तिथेच अडतं, खालचा ओठ हलायला लागतो.

तू पायरीवर बसतेस. तोही बसतो, एक पायरी खाली. त्याची आई दारापर्यंत येते, तुम्हा दोघांना बघते आणि पाणी आणायला परत आत वळते. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी वाळवणाची चटई झटकतंय. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवत नाहीस, अजून नाही. टेकरीवरची घंटा वाजते, एक, दोन, तीन.

"किल्ली कुठे असते?" तू विचारतेस.

तो उठतो आणि ती शोधायला आत जातो.